दप्तरातली कुणबीण, कादंबरीतली हलीमा

मराठी वर्तमानपत्रांत 'बटीक' हा शब्द अजूनही नेहमी भेटतो. अमुक संस्था सत्तेची बटीक झाली, तमुक माणसाने आपली लेखणी बटीक केली, असे आपण सहज लिहितो. लिहिताना डोळ्यांपुढे कुणी बाई नसते. शब्द वापरून वापरून गुळगुळीत झाला आहे. पण एकोणिसाव्या शतकात मोल्सवर्थने मराठी कोश सिद्ध केला, तेव्हा बटीक म्हणजे मालकीची बाई, गुलाम स्त्री, हाच त्याचा सरळ अर्थ होता. 'कुणबीण' या शब्दालाही त्या कोशात दोन अर्थ आहेत. एक कुणब्याची बायको आणि दुसरा गुलाम बाई. शेतात राबणाऱ्या जातीचे नाव आणि विकल्या जाणाऱ्या बाईचे नाव एकच असावे, यावरून त्या बाया कुठल्या घरांतून उचलल्या जात होत्या त्याचा अंदाज येतो.

उर्दूकडे वळले तर लौंडी, बांदी, कनीज असे शब्द रांगेने उभे राहतात. घाटकोपरला उर्दू माध्यमाच्या शाळेत मी इतिहास शिकवते. आठवी-नववीच्या मुलींना 'कनीज' हा शब्द ठाऊक असतो, पण तो १९६० च्या 'मुघल-ए-आझम'मुळे. तिथे कनीजेचा पोशाख झगमगतो, तिच्या हातापायांतले साखळदंडसुद्धा शोभून दिसतात. ती कुणाची मुलगी, तिला दरबारात कुणी आणले, तिला 'नाही' म्हणता येत होते का, हे प्रश्न त्या शब्दाला चिकटतच नाहीत. मराठीत शब्दाची शिवी झाली, उर्दूत शब्दाची शायरी झाली. दोन्हीकडे बाई मात्र हरवली.

या हरवलेल्या बाईविषयी, आणि तिच्या शेजारी बसलेल्या दुसऱ्या बाईविषयी, हा लेख आहे. गुलाम स्त्रीचा विचार करताना आपण मालक आणि दासी एवढीच जोडी पाहतो. पण दासी एकटी नसे. तिच्याबरोबर दुसरी दासी होती, तिची मालकीण होती, तिची मुलगी होती. या बायांमध्ये काय होते? माया होती की मत्सर होता? इतिहास इथे गप्प बसतो आणि कादंबरीकाराकडे बोट दाखवतो. कादंबरीकाराने काय केले, आणि काय करायला हवे, ते पाहू.

दप्तर काय सांगते

पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. त्यांतले निवडक उतारे गणेश चिमणाजी वाड यांनी काढले आणि ते विसाव्या शतकाच्या आरंभी छापले गेले. सुरेंद्रनाथ सेन यांनी मराठ्यांच्या राज्यकारभारावरील १९२३ च्या ग्रंथात कुणबिणींची दखल घेतली. पुढे हिरोशी फुकाझावा, सुमित गुहा, उमा चक्रवर्ती अशा अभ्यासकांनी हा विषय अधिक उघडा केला. त्यातून जे चित्र दिसते ते ऐतिहासिक कादंबऱ्यांतल्या पेशवाईत सापडत नाही.

बाई कुणबीण होण्याचे चार मार्ग होते. पहिला मोहिमेचा. फौज परमुलखात गेली की गुराढोरांबरोबर बायकापोरेही धरून आणली जात. दुसरा दुष्काळाचा. पोट भरेना तेव्हा आईबाप लेक विकत. तिसरा शिक्षेचा. एखाद्या बाईवर बदकर्माचा ठपका आला की सरकार तिला कुणबीण करून कामाला लावी. पुरुषाचे बहुधा दंडावर भागे, बाईची मात्र जन्माची मिळकत होऊन जाई. चौथा मार्ग जन्माचा. कुणबिणीची लेक कुणबीणच. विकणाऱ्यांत लमाणांचे तांडे होते, तसे प्रतिष्ठित लोकही होते. घेणाऱ्यांत ब्राह्मण, मराठे, सावकार, सरदार सगळेच होते. घेताना जातीची विचारपूस मात्र कसून होई, कारण या बायांच्या हातचे पाणी घरात चालायला हवे होते. माणूस विकत घेण्याचा विटाळ नव्हता, तिच्या जातीचा होता.

सरकारी कुणबिणी किल्ल्यांवर, कोठीत, पागेत कामाला असत. दळण, कांडण, शेणगोठा, झाडलोट, पाणी भरणे, ही त्यांची कामे. काही बक्षीस म्हणून दिल्या जात, काही लेकीच्या लग्नात आंदण म्हणून जात. म्हातारपण आले, अंगात ताकद उरली नाही, म्हणजे काहींना सोडून दिल्याच्या नोंदी आहेत. काहींच्या नातलगांनी पैसे भरून त्यांना सोडवून नेले. म्हणजे त्यांना नातलग होते. कुणीतरी त्यांना विसरले नव्हते. हिशेबाच्या कागदातून हे एवढेच बाहेर डोकावते.

दप्तराचा स्वभाव हिशेबाचा. तिथे नाव येते, किंमत येते, कुठल्या कोठीत किती जणी ते येते. कोण कुणाच्या शेजारी झोपत होती ते येत नाही. पण थोडा विचार केला तर कामच काही सांगते. जाते बहुधा दोघींनी ओढायचे असते. समोरासमोर बसायचे, एकाच खुंट्याला दोघींचे हात, पहाटेचा अंधार. महाराष्ट्रातल्या बायांनी जात्यावर ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून त्यांतल्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. सरकारी कोठीत दळणाऱ्या कुणबिणी गप्प बसून दळत असतील, हे मला पटत नाही. त्यांच्या ओव्या कोठीच्या भिंतीत जिरल्या, एवढेच.

आपल्या घरातले

पेशवाईतल्या कुणबिणींविषयी एवढे वाचून आपल्यापैकी कुणाला वाटेल, चला, हे तर त्यांच्या घरातले झाले. तसे नाही. दख्खनच्या सुलतानांच्या दरबारात, मुघलांच्या महालात, जंजिऱ्याच्या सिद्दींच्या राज्यात गुलाम होते आणि गुलाम बायाही होत्या. पानिपतावर १७६१ साली मराठ्यांचा मोड झाला, तेव्हा अब्दालीच्या लष्कराने हजारो बायकापोरे गुलाम म्हणून धरून नेली. घरच्या बाईला लुटीत मोजणारी फौज कुठल्या धर्माची होती, याने त्या बाईला काय फरक पडला? उलट छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७७ साली कर्नाटकात डच व्यापाऱ्यांना कौल दिला, त्यात आपल्या मुलखात स्त्रीपुरुष गुलाम विकत घ्यायला आणि बाहेर न्यायला साफ मनाई केली. चांगले कुणाचेही असो, सांगितले पाहिजे, आणि वाईट आपले असले तरी झाकता कामा नये.

मलिक अंबरचा आपल्याला अभिमान आहे, आणि तो योग्यच आहे. १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला चापू नावाचा मुलगा विकला गेला, बगदादला पोहोचला, पुन्हा विकला गेला आणि दख्खनला आला. निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेजखान स्वतः एकेकाळचा हबशी गुलाम होता. १५७० नंतरच्या दशकात चंगेजखान वारला आणि त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. पुढचा इतिहास पाठ्यपुस्तकात आहे. खडकी शहर, पाण्याची नहर, जमीनमहसुलाची व्यवस्था, गनिमी कावा, जहांगीरशी झुंज आणि १६२६ साली मृत्यू. पण या सगळ्याच्या मुळाशी एका बाईचा निर्णय आहे. तिने तो घेतला नसता तर? इतिहासाच्या पुस्तकांत ती भेटते ती चंगेजखानाची विधवा म्हणूनच. खुलताबादला अंबरच्या कबरीजवळ त्याची बायको बीबी करीमा हिचीही कबर आहे. अंबरवर लिहिताना या दोघी बायांना एकमेकींसमोर बसवावे, असे आपल्या कुणा लेखकाला का वाटू नये?

गुलाम बाईच्या सुटकेची एक गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे. हदीसच्या ग्रंथांत ती आहे आणि आपल्यापैकी अनेकांनी ती ऐकलेली असते. बरीरा नावाची एक गुलाम स्त्री होती. तिने मालकांशी मुकातबत केली होती, म्हणजे ठरलेली रक्कम हप्त्याने फेडून मोकळे व्हायचे असा करार. रक्कम जुळेना, तेव्हा ती मदत मागायला हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडे आली. त्यांनी सगळी रक्कम एकदम भरून तिला मुक्त करण्याची तयारी दाखवली. मालकांनी अट घातली की मुक्तीनंतरचा वारसाहक्क आमच्याकडे राहील. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती अट फेटाळली. जो मुक्त करतो, हक्क त्याचा.

इथपर्यंतची गोष्ट वाजात सांगितली जाते. पुढची क्वचित. बरीराचे लग्न मुगीस नावाच्या गुलामाशी झालेले होते. मुक्त झाल्यावर त्याच्याबरोबर राहायचे की नाही हे ठरवण्याचा हक्क तिला मिळाला. तिने नकार दिला. मुगीस तिच्या मागे मदिन्याच्या गल्ल्यांतून रडत फिरे. प्रेषितांनी तिच्याकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. तिने विचारले, हा हुकूम आहे का? ते म्हणाले, नाही, मी फक्त शिफारस करतो आहे. तेव्हा तिने सांगितले की मला त्याची गरज नाही. आणि तिचा शब्द राहिला. काल-परवापर्यंत विकत घेतलेली बाई आज हुकूम आणि शिफारस यांतला फरक विचारते, आणि तिला उत्तर मिळते. कादंबरीकाराला याहून मोठा प्रसंग कुठला हवा? आणि हा प्रसंग घडला तो एका बाईने दुसरीसाठी पैसे भरले म्हणून.

गुलामाला मोकळे करणे हे कुराणात पुण्यकर्म सांगितले आहे. अनेक चुकांचे प्रायश्चित्तही तेच आहे. तरीही नंतरच्या मुसलमान राज्यांत गुलामांचे बाजार शतकानुशतके चालू राहिले. ही वस्तुस्थिती आहे. बरीराची गोष्ट आपण अर्धी सांगितली, त्याचाही याच्याशी काही संबंध असावा.

नाशिकच्या मुली

आता आपल्या मुंबईकडे येऊ. अरबी समुद्राच्या पलीकडून आफ्रिकन माणसे गुलाम म्हणून पश्चिम किनाऱ्यावर येतच होती. १८४३ च्या पाचव्या कायद्याने कंपनी सरकारच्या न्यायालयांनी माणसावरचा मालकी हक्क मानणे बंद केले. पुढे १८६० च्या दंडसंहितेने गुलामांची खरेदी-विक्री गुन्हा ठरवली. इंग्रजांच्या लढाऊ जहाजांनी समुद्रात गुलामांची गलबते पकडली, की सुटलेली काही माणसे मुंबईच्या बंदरात उतरवली जात. त्यांत लहान मुले पुष्कळ असत. घरदार कुठे ते सांगता येत नाही, भाषा कुणाला कळत नाही. त्यांना कुणा कुटुंबात किंवा मिशनऱ्यांकडे सोपवले जाई.

नाशिकजवळ शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीने वसाहत केली होती. विल्यम सॉल्टर प्राइस हे तिचे प्रमुख. तिथे या आफ्रिकन मुलामुलींसाठी आश्रम होता. मुलांना सुतारकाम, लोहारकाम असे हुन्नर शिकवत. मोठेपणी त्यांची लग्ने बहुधा आपसांत होत. १८७४-७५ मध्ये प्राइस पूर्व आफ्रिकेत गेले आणि मोंबासाजवळ फ्रीअरटाउन ही मुक्त गुलामांची वस्ती उभी राहिली. नाशिक-मुंबईकडचे शंभराहून अधिक आफ्रिकन तिकडे जाऊन राहिले. ज्या खंडातून लहानपणी चोरून नेले, तिथे ही माणसे परत गेली ती हिंदुस्थानातले बालपण बरोबर घेऊन. आणि तिथल्या लोकांनी त्यांना नाव दिले 'मुंबईचे आफ्रिकन'.

इतिहासात हे लोक आणखी एका नावाने प्रसिद्ध आहेत. 'नाशिकचे मुलगे'. आफ्रिकेत फिरणारा डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६५ साली इथूनच काही मुलगे बरोबर घेऊन गेला. त्याआधी त्याने चुमा नावाच्या मुलाला मुंबईत जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवले होते. पुढे १८७२ मध्ये नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट त्याच्या तांड्यात दाखल झाला. मे १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारला. त्याच्या माणसांनी त्याचे काळीज तिथेच झाडाखाली पुरले, देह मीठ लावून उन्हात वाळवला, आणि दीड हजार किलोमीटरच्या वर पायी चालत समुद्रकिनाऱ्यावर आणला. दफनाच्या वेळी प्रार्थना वाचली ती जेकबने. झाडावर नाव कोरले तेही त्यानेच. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टनला पुन्हा दफन केले, तेव्हा हा नाशिकचा विद्यार्थी शवपेटीबरोबर होता.

नाशिकचे मुलगे! पण शरणपुरात मुलीही होत्या. 'नाशिकच्या मुली' असा शब्दप्रयोग कुणी का केला नाही? त्या आश्रमात रात्री एका ओळीत झोपल्या असतील. आपापली भाषा हळूहळू विसरून एकमेकींशी नाशिकच्या बाजारातल्या भाषेत बोलू लागल्या असतील. ज्यांची आईच हरवली त्या मुलींनी एकमेकींनाच आई-बहीण मानले असेल. यातले काही नोंदलेले नाही. नोंद झाली ती मुलग्यांची, कारण ते एका गोऱ्या साहेबाचे प्रेत उचलून चालले.

हलीमाचे रुसणे

त्या तांड्यात बायाही होत्या. त्यांतली एक हलीमा. लिव्हिंग्स्टनची स्वयंपाकीण. ती गुलाम होती आणि तांड्यातल्या एका माणसाची बायको होती. लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या प्रवासाची रोजनिशी १८७४ साली छापली गेली. तिच्यात हलीमाविषयी एक लहानशी नोंद आहे. न्ताओएका नावाच्या तांड्यातल्या दुसऱ्या बाईशी तिचे भांडण झाले आणि ती निघून गेली. शोधायला चिठ्ठी पाठवली, पण ती आपणच परत आली. मात्र आत येईना. साहेबाने बाहेर येऊन आपल्याला आत बोलवावे, एवढीच तिची अपेक्षा. लिव्हिंग्स्टन बाहेर गेला, तिला आत बोलावले, पुन्हा भांडू नकोस म्हणाला, थंडीसाठी एक उबदार कापड दिले. हिला कधी बोलावे लागले नाही, ही हुशार आहे, प्रामाणिक आहे, असे त्याने लिहून ठेवले. झांझिबारला पोहोचलो की हिला मुक्त करीन आणि घर-बाग घेऊन देईन, असेही लिहिले. पण तो झांझिबारला पोहोचलाच नाही.

एवढ्याशा नोंदीत केवढे माणूस आहे! ती रुसते. आपला मान ओळखते. दारात उभी राहून बोलावण्याची वाट पाहते. ज्या बाईला विकता येते तिला रुसताही येते, हे किती कादंबरीकारांना सुचले असते? आणि तिचे भांडण होते ते बाईशीच. भांडणालाही जवळीक लागते. चुलीवरून, भांड्यावरून, कुणाच्या तरी बोलण्यावरून त्या भांडल्या असतील, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकाच चुलीपाशी बसल्या असतील.

झिंबाब्वेच्या लेखिका पेटिना गप्पा यांनी २०१९ साली 'आउट ऑफ डार्कनेस, शायनिंग लाइट' ही कादंबरी लिहिली. त्या प्रेतयात्रेची गोष्ट तिच्यात दोघे सांगतात. आधी हलीमा आणि मग नाशिकचा जेकब वेनराइट. जेकब लिहितो ते शिकलेल्या, धर्मप्रचाराच्या स्वप्नाने भारावलेल्या तरुणाच्या भाषेत. हलीमा बोलते ते स्वयंपाकघराच्या भाषेत. तिला सगळे दिसते. कोण कुणावर डोळा ठेवून आहे, कुणाच्या पोटात काय आहे, बायका एकमेकींना कशा सांभाळतात आणि कशा टोचतात. रोजनिशीतल्या चार ओळींतून लेखिकेने अख्खी बाई उभी केली. नाशिकचे नाव या कादंबरीतून जगभर गेले. आपल्या मराठीत मात्र शरणपुरावर अशी कादंबरी माझ्या वाचनात नाही.

अमेरिकेत हे काम टोनी मॉरिसन यांनी केले. मार्गारेट गार्नर ही गुलाम स्त्री १८५६ साली केंटकीतून पळाली. पकडले जाण्याची वेळ आली तेव्हा लेक पुन्हा गुलाम होऊ नये म्हणून तिने तिला आपल्या हातांनी मारले. या घटनेवरून मॉरिसन यांची 'बिलव्हड' ही कादंबरी १९८७ साली आली. त्यात पळून निघालेल्या गरोदर सेथीला वाटेत एमी डेन्व्हर नावाची एक गोरी, गरीब मुलगी भेटते. ती सेथीचे सुजलेले पाय चोळते, तिचे बाळंतपण करते आणि आपल्या वाटेने निघून जाते. सेथी मुलीचे नाव डेन्व्हर ठेवते. दोघींत मोठी भाषणे होत नाहीत. एकीच्या हाताला दुसरीचा पाय लागतो, तेवढेच.

सवत आणि सखी

आपल्याकडच्या लेखनात गुलाम बाईचे दुसऱ्या बाईशी नाते दोनच साच्यांत ओतलेले दिसते. एक सवतीचा, दुसरा सखीचा. सवत जळते, सखी मालकिणीसाठी जीव टाकते. पहिला साचा भांडण लावण्यासाठी आणि दुसरा मालकिणीला थोर दाखवण्यासाठी. दोन्हींत दासीला स्वतःचे असे काही नसते.

मस्तानीचे उदाहरण घेऊ. ती गुलाम नव्हती. तिचे घराणे छत्रसालाशी जोडले जाते. पण पुण्याच्या कर्मठांनी तिला नाटकशाळेच्या पायरीवर ठेवले. ना. सं. इनामदारांची 'राऊ' १९७२ साली आली आणि मराठी वाचकाच्या मनात मस्तानीला जागा मिळाली, हे त्या कादंबरीचे ऋण मान्य केलेच पाहिजे. २०१५ च्या चित्रपटात काशीबाई आणि मस्तानी एकत्र पिंगा घालतात. त्यावर वादही झाला. पण खरी गोष्ट त्या नाचापेक्षा मोठी आहे. १७४० मध्ये बाजीराव गेला, पाठोपाठ मस्तानी गेली, आणि त्यांचा लहानगा मुलगा शमशेर बहाद्दर शनिवारवाड्यात काशीबाईंच्या देखरेखीखाली वाढला. पुढे तो पानिपतच्या रणात जखमी होऊन मेला. सवतीच्या पोराला भरवलेला घास कॅमेऱ्यात नीट दिसत नाही, पिंगा दिसतो. म्हणून चित्रपटवाले पिंगा घेतात. कादंबरीकाराने घास घ्यावा.

उर्दूत मिर्झा हादी रुस्वा यांनी १८९९ साली 'उमराव जान अदा' लिहिली. फैजाबादची अमीरन नावाची मुलगी बापावरच्या सुडापायी पळवून लखनौला विकली जाते. त्याच कोठडीत तिला रामदेई नावाची दुसरी पळवलेली मुलगी भेटते. एक कोठ्यावर विकली जाते आणि दुसरी एका बेगमेच्या घरात. पुष्कळ वर्षांनी दोघी समोरासमोर येतात तेव्हा एक नाचगाण्यासाठी बोलावलेली तवायफ असते आणि दुसरी नवाबाच्या घरची बेगम. कोण कुठे पोहोचली, हे दोघींच्या गुणांवर ठरले नव्हते. गिऱ्हाईक कोण आले त्यावर ठरले. एक मुसलमान मुलगी, एक हिंदू मुलगी, आणि अंधारी कोठडी एकच. आपण उमरावच्या गझला पाठ केल्या आणि रामदेईला विसरलो.

मराठीत विजय तेंडुलकरांचे 'कमला' आहे. १९८१ साली एका इंग्रजी दैनिकाच्या बातमीदाराने बाजारातून खरोखरच एक बाई विकत घेऊन देशाला हादरवले, त्यावरून हे नाटक सुचले. नाटकातला पत्रकार कमलाला घरी आणतो. ती आदिवासी बाई पत्रकाराच्या शिकल्यासवरल्या बायकोला, सरिताला, अगदी निरागसपणे विचारते, की तुला किती पैशांना विकत घेतले? सरिता चिडत नाही, हसत नाही, एक आकडा सांगते. त्या क्षणी मालकीण आणि बटीक ही भिंत पडते. इतिहासाच्या दप्तरात किंमत येते तेव्हा ती मालक लिहितो. इथे दोघी बाया आपापली किंमत एकमेकींना सांगतात. माझ्या मते मराठी रंगभूमीवरचा हा फार मोठा प्रसंग आहे.

लिहायला हवे ते

महात्मा फुल्यांचे 'गुलामगिरी' हे पुस्तक १८७३ साली प्रसिद्ध झाले. ते त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले. त्याच वर्षी आपल्या नाशिकचा जेकब आणि हलीमा आफ्रिकेच्या जंगलातून एक प्रेत घेऊन चालत होते. जग तेव्हाही एवढे जवळ होते. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आपण आजारी असल्याने तिच्यावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचा. दोन बायांच्या स्नेहाची खूण एवढ्या एका वाक्यात शिल्लक राहिली. ते वाक्य नसते तर फातिमा शेखही राहिली नसती. अशी वाक्ये जपायची असतात आणि त्यांच्याभोवती घर बांधायचे असते. घर बांधणे हे ललित लेखकाचे काम आहे.

पण घर बांधताना पाया खरा हवा. दप्तरात नसलेले नाव खरे म्हणून छापू नये. कल्पिलेली बाई कल्पिलेली म्हणूनच यावी. तिचे जाते, तिची कोठी, तिच्या हातातली शेणाची पाटी खरी असावी. मालकीण फार दयाळू दाखवण्याचा मोह टाळावा, कारण दया आली की सुटकेचा प्रश्न मागे पडतो. आणि आपल्या धर्माचे, आपल्या जातीचे मालक सौम्य होते असे दाखवण्याचा मोह त्याहून टाळावा.

आमच्या घाटकोपरच्या चिराग नगरात एका झोपडीत राहून अण्णा भाऊ साठे लिहीत होते. शाळेची पायरी ते जेमतेम चढलेले. सरकारी कागदात जो गुन्हेगार होता त्या आपल्या मातंग समाजातल्या पुरुषाला त्यांनी १९५९ च्या 'फकिरा'त नायक केले. दप्तर ज्यांना चोर म्हणते किंवा आकडा म्हणते, त्यांची ऐतिहासिक कादंबरी होऊ शकते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यासाठी राजवाडा लागत नाही. चिराग नगरची झोपडी पुरते.

संविधानाच्या तेविसाव्या कलमाने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांना मनाई केली. वेठबिगारी मोडणारा कायदा १९७६ साली झाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही माणसांच्या व्यापाराला कडक शिक्षा आहे. कायदे आहेत, ते असलेच पाहिजेत. पण गावाकडून 'कामाला' म्हणून आणलेली आणि कुणाच्या तरी बंद घरात राहणारी मुलगी अजून दिसते. तिला कनीज म्हणत नाहीत, बाई म्हणतात. तिची खबर सगळ्यांत आधी कुणाला लागते? शेजारच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या दुसऱ्या बाईला. पोलीस, पत्रकार, शिक्षक सगळे त्यानंतर येतात.

म्हणून आपल्यातल्या लिहिणाऱ्यांना, विशेषतः लिहू लागलेल्या मुलींना, माझी विनंती आहे. चंगेजखानाच्या विधवेने अंबरला मोकळे केले त्या दिवशी तिच्या मनात काय होते, ते लिहा. बरीरा रक्कम मागायला दारात उभी राहिली ती दुपार लिहा. शरणपुरात एका ओळीत झोपलेल्या मुली लिहा. पेशव्यांच्या कोठीत जात्याच्या दोन बाजूंना बसलेल्या दोघी लिहा. त्यांच्यातली एक कदाचित दुष्काळात विकली गेलेली कुणबी असेल, दुसरी मोहिमेत धरून आणलेली मुसलमान. पीठ मात्र दोघींचे एकाच सुपात पडत होते.